एफएसएममधला सिरियम : कोणत्या जॉबला किती आणि कुठे अजिबात नको

शिरोली_मेल्टशॉप
नमस्कार मंडळी. एसजी आयर्नवर (गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) काम करणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे.

५०० किलोची इंडक्शन भट्टी, सँडविच पद्धतीनं ट्रीटमेंट (लेडलमध्ये, म्हणजे रसाच्या भांड्यात, तळाशी मॅग्नेशियमचा अलॉय, त्यावर स्टीलचं झाकण, वरून रस). एफएसएम (फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम) एकच : मॅग्नेशियम ६ टक्के, रेअर अर्थ (सिरियम वगैरे धातू) १ टक्का, दर ट्रीटमेंटला ९ किलो. जॉब दोन. एक ब्रॅकेट, भिंत ६ ते ८ मिमी. दुसरा हब, बॉसची (मधल्या जाड भागाची) जाडी ९० मिमी. दोन्ही ५००/७ ग्रेड (ताकद ५०० एमपीए, इलाँगेशन म्हणजे तुटेपर्यंतची लांबवाढ ७ टक्के).

ब्रॅकेटची काहीच तक्रार नाही. हबचा वाय-ब्लॉक (सोबत ओतलेला चाचणीचा तुकडा) पास होतो, नॉड्युलॅरिटी (गोल ग्रॅफाइटचं प्रमाण) ९० टक्क्यांच्या वर, इलाँगेशन ८ ते ९. पण हबचं बोअर (मधलं भोक) लेथवर फिरवलं की आत काळसर डाग दिसतात, आणि बॉस कापून काढलेल्या बारचं इलाँगेशन २ ते ३ वर येतं. हार्डनेस जवळजवळ तोच. शिल्लक मॅग्नेशियम ०.०४२ टक्के. मॅग्नेशियम वाढवावं का?

धातुरस
मॅग्नेशियमला हात लावू नका. ०.०४२ पुरेसं आहे. वाढवलंत तर श्रिंकेज (आतली पोकळी) आणि ड्रॉस (मळी) वाढेल, डाग तिथेच राहतील.

तुम्ही सांगताय ते वर्णन चंकी ग्रॅफाइटचं आहे. नॉड्यूल गोल होण्याऐवजी ग्रॅफाइट बारीक बारीक तुकड्यांच्या जाळ्यात वाढतं, आणि ते नेमकं सगळ्यात शेवटी गोठणाऱ्या मध्यभागात. वाय-ब्लॉक २५ मिमीचा, तो काही मिनिटांत गोठतो. त्याला हा रोग होतच नाही, म्हणून तो दर वेळी पास होणार. हबच्या मध्यभागाची परिस्थिती तो दाखवू शकत नाही.

कारणांत पहिला संशय सिरियमवर. पुढची माहिती द्या : फायनल कार्बन, सिलिकॉन, सिरियम, टायटॅनियम, शिसं, बेसमधला (ट्रीटमेंटआधीच्या रसातला) सल्फर. आणि इनॉक्युलंट (ग्रॅफाइटची सुरुवात करून देणारी भर) कोणता, किती.

उद्यमनगर_टर्निंग
मशीनवर कसं ओळखायचं तेवढं सांगतो, कारण याची दोन गोष्टींशी गल्लत होते.

चंकी असेल तर बारीक फीडनं फिनिश कट घेतल्यावर बोअरमध्ये राखाडी-काळा पट्टा दिसतो. त्याची कड स्पष्ट असते, बाहेरचा भाग उजळ आणि आतला मंद. बोट फिरवलं तर खड्डा लागत नाही. खड्डा किंवा स्पंजासारखं भोक लागलं तर ते श्रिंकेज. आणि डाग जॉबच्या वरच्या अंगाला, म्हणजे कोपच्या बाजूला, थरासारखा असेल तर ते ग्रॅफाइट फ्लोटेशन (ग्रॅफाइट तरंगून वर येणं), त्याचं कारण कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन अधिक सिलिकॉनचा तिसरा हिस्सा) जास्त असणं. चंकी जाडीच्या मधोमध बसतं, कोप-ड्रॅगशी (साच्याच्या वरच्या-खालच्या अर्ध्याशी) त्याचा संबंध नाही.

डाई पेनिट्रंटनं (भेगांत शिरणाऱ्या रंगानं) श्रिंकेज उठून दिसतं, चंकी तसं दिसत नाही. शंका असेल तर तो तुकडा पॉलिश करून १०० पटीत बघायचा.

शिरोली_मेल्टशॉप
हबच्या हीटचे (भट्टीच्या एका घाण्याचे) आकडे, सगळे टक्के : कार्बन ३.६५, सिलिकॉन २.७५, सिरियम ०.०१४, टायटॅनियम ०.०२, शिसं ०.००१ च्या खाली. बेस सल्फर ०.००९. इनॉक्युलंट लेडलमध्ये ०.४ टक्के, म्हणजे २ किलो. गोणीवर कॅल्शियम आणि सिरियमवाला इनॉक्युलंट असं लिहिलंय, सिरियम १.७५ टक्के.

चार्जमिक्स
सापडलं की राव. हिशोब मांडून बघा.

९ किलो एफएसएममध्ये १ टक्का रेअर अर्थ म्हणजे ९० ग्रॅम. मिशमेटलपासून बनवलेल्या अलॉयमध्ये त्यातला साधारण निम्मा सिरियम असतो, बाकी लँथॅनम, निओडिमियम, प्रासिओडिमियम. म्हणजे सिरियम ४५ ग्रॅम. ५०० किलो रसात हे ०.००९ टक्के होतं. सगळाच्या सगळा रसात राहिला असं धरलं तरी स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजायच्या यंत्रावर) ०.०१४ येऊ शकत नाही.

राहिलेला आला इनॉक्युलंटमधून. २ किलोचे १.७५ टक्के म्हणजे ३५ ग्रॅम. दोन्ही मिळून ८० ग्रॅम, ०.०१६ टक्के. त्यातलं थोडं सल्फर-ऑक्सिजन खातं, उरतं ०.०१४. आकडा बरोबर जुळतो.

६ मिमीच्या ब्रॅकेटला हा डोस चालून जातो, उलट उपयोगी पडतो. ९० मिमीच्या बॉसला हा फार आहे.

गोकुळशिरगाव_क्यूए
पण मग रेअर अर्थ टाकतातच कशाला, तेही कुणीतरी नीट लिहा. बऱ्याच शॉपमध्ये “आरईवाला अलॉय चांगला” एवढंच माहीत असतं आणि एकच गोणी सगळ्या जॉबला जाते.

धातुरस
लिहितो, जरा लांब होईल.

सिरियम हा रेअर अर्थ गटातला सगळ्यात मुबलक धातू, पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतका. अणुक्रमांक ५८, घनता ६.७७, ७९५ अंशाला वितळतो. आपल्यासाठी महत्त्वाचा आकडा उत्कलनबिंदूचा : सुमारे ३,४४० अंश. मॅग्नेशियम १,०९० अंशाच्या आसपास उकळतं, म्हणून १,४५० अंशाच्या रसात ते वाफ होऊन भडकतं आणि निम्मं उडून जातं. सिरियम शांतपणे विरघळतो. ऑक्सिजन आणि सल्फरची त्याला प्रचंड ओढ आहे, तो लगेच ऑक्साइड, सल्फाइड, ऑक्सिसल्फाइड बनवतो. हे अतिसूक्ष्म कण पुढे ग्रॅफाइटला बसायला जागा देतात, म्हणून नॉड्यूलची संख्या वाढते आणि पातळ भिंतीत चिल (पांढरं, कडक लोखंड) यायची शक्यता कमी होते.

इतिहासातही आधी सिरियमच आहे. १९४८ मध्ये ब्रिटनच्या बीसीआयआरए या ओतकाम संशोधन संस्थेत हेन्टन मॉरो यांनी सिरियम वापरून ओतीव अवस्थेतच गोल ग्रॅफाइट मिळवलं. त्यासाठी सल्फर अगदी कमी आणि रस हायपरयुटेक्टिक (जास्त कार्बनचा) लागायचा. त्याच वर्षी इन्को या निकेल कंपनीनं मॅग्नेशियमची पद्धत जाहीर केली (कीथ मिलिस यांचं काम १९४३ पासूनचं) आणि ती स्वस्त, जास्त व्यापक रचनांना चालणारी असल्यानं तीच टिकली. सिरियमकडे मदतनिसाचं काम राहिलं.

ते काम मुख्यतः घातक घटकांना बांधून ठेवण्याचं. शिसं, बिस्मथ, अँटिमनी, टायटॅनियम, आर्सेनिक हे नॉड्यूल बिघडवतात. किती बिघडवतात याचा अंदाज थीलमन यांच्या सूत्रावरून येतो. टक्केवारी घेऊन टायटॅनियमला ४.४ नं, अँटिमनीला ५ नं, शिशाला २९० नं, बिस्मथला ३७० नं गुणायचं आणि बेरीज करायची (आर्सेनिक, कथील, ॲल्युमिनियमचेही छोटे गुणक आहेत). बेरीज १ च्या वर गेली की रेअर अर्थशिवाय नॉड्युलॅरिटी टिकणं अवघड.

शिशाचा गुणक बघा. शिसं ०.००४ टक्के असेल तर एकट्या शिशाचे १.१६ होतात. बॅटरीचा तुकडा, रंगाचे थर असलेलं जुनं भंगार, शिसं घातलेल्या फ्री-कटिंग स्टीलचा चुरा, एवढं पुरतं. अशा चार्जला ०.००५ ते ०.०१ टक्के सिरियम हवाच.

आता शिरोलीच्या हबचा चार्ज बघा. टायटॅनियम ०.०२ चे ०.०९, शिसं ०.००१ धरलं तरी ०.२९. बेरीज ०.४ च्या आसपास. बांधायला शत्रूच नाही, आणि सिरियम मात्र ०.०१४. हा मोकळा सिरियम हळू गोठणाऱ्या मध्यभागात चंकी ग्रॅफाइट घडवतो. जोडीला सिलिकॉन २.७५ आहे, तोही त्याच बाजूला ढकलतो. निकेल आणि कॅल्शियम जास्त असेल तर तेही. म्हणजे चार्ज जितका स्वच्छ आणि भिंत जितकी जाड, तितका रेअर अर्थ कमी हवा.

शिरोली_मेल्टशॉप
दादा, हे एकदम स्पष्ट झालं. मग हबसाठी नेमका बदल काय करू?

धातुरस
१) हबसाठी वेगळा एफएसएम घ्या. मॅग्नेशियम ६ टक्के तेवढंच, रेअर अर्थ शून्य किंवा फार तर ०.३ टक्के. ब्रॅकेटला सध्याचाच ठेवा. गोण्यांना दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या मारा, रात्रपाळीत अदलाबदल होते.

२) इनॉक्युलंट बदला. हबला बेरियमवाला फेरोसिलिकॉन, लेडलमध्ये ०.४ टक्के आणि ओतताना धारेत ०.१ टक्के (०.२ ते ०.७ मिमी दाणा). बेरियमचा परिणाम जास्त वेळ टिकतो, जाड जॉबला ते हवंच असतं. स्ट्रॉन्शियमवाला घ्यायचा विचार असेल तर तो फक्त रेअर अर्थ नसलेल्या रसात, सिरियमच्या सोबत तो निष्प्रभ होतो.

३) कार्बन ३.६०, फायनल सिलिकॉन २.२. कार्बन इक्विव्हॅलंट सध्या ३.६५ अधिक २.७५ भागिले ३, म्हणजे ४.५७. ब्रॅकेटला ते ठीक, ९० मिमीला जास्त. नव्या आकड्यांनी ४.३३ येतं, फ्लोटेशनचीही धास्ती जाते. एफएसएम आणि इनॉक्युलंटमधून साधारण १ टक्का सिलिकॉन येतं, त्यामुळे भट्टीतलं बेस सिलिकॉन १.२ च्या आसपास ठेवावं लागेल.

४) बॉसच्या दोन्ही बाजूंना किंवा बोअरच्या कोअरमध्ये चिल (रस लवकर गोठवणारा धातूचा ठोकळा) बसवता आला तर बसवा. गोठण्याचा वेळ कमी झाला की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

ओतारी
स्टोअरमध्ये एकच अलॉय असेल आणि हब आजच ओतायचा असेल तर अँटिमनीचा उपाय आहे. ०.००२ टक्के, म्हणजे ५०० किलोला १० ग्रॅम. सिरियमचा जास्तीचा भाग अँटिमनी बांधतो आणि चंकी थांबतं. ५००/७ पर्लाइटी-फेराइटी ग्रेड असल्यानं चालेल. ४००/१५ ला नको, अँटिमनी पर्लाइट (कडक रचना) वाढवतं आणि इलाँगेशन जातं.

वजन साध्या काट्यावर नाही, ग्रॅमच्या काट्यावर करायचं. फॉइलमध्ये गुंडाळून ट्रीटमेंटच्या लेडलच्या तळाशी. धूर विषारी आहे, वाकून बघायचं नाही, एक्झॉस्ट चालू पाहिजे.

चार्जमिक्स
ओतारींच्या उपायाला एक पुरवणी. अँटिमनी रिटर्नमधून (पुन्हा वितळवायला घेतलेल्या आपल्याच ओतकामाच्या तुकड्यांतून) परत भट्टीत येतं, ते जळून जात नाही. चार्जमध्ये ५० टक्के रिटर्न असेल आणि दर हीटला ०.००२ घालत राहिलात तर ते चढत चढत ०.००४ वर जाऊन थांबतं. म्हणून पहिल्या काही हीटनंतर स्पेक्ट्रोवर बघून फक्त तूट भरायची. आणि हे रिटर्न ४००/१५ च्या चार्जमध्ये जाऊ द्यायचे नाहीत, ढीग वेगळा ठेवा.

माझं मत विचाराल तर ही तात्पुरती सोय. आधी जास्त सिरियम घालायचा आणि मग तो मारायला अँटिमनी घालायचं, यापेक्षा दुसरा अलॉय मागवणं स्वस्त पडतं.

गोकुळशिरगाव_क्यूए
रेअर अर्थ नसलेला अलॉय आणल्यावर काय बदलेल तेही लक्षात ठेवा. भडका जास्त उठतो, मॅग्नेशियमची रिकव्हरी (घातलेल्यापैकी रसात टिकणारा भाग) थोडी घसरते. आणि आतापर्यंत सिरियम जो थोडा सल्फर-ऑक्सिजन सांभाळत होता, तेही काम आता मॅग्नेशियमवर येतं.

अलॉयचं प्रमाण असं काढा : शिल्लक हवं असलेलं मॅग्नेशियम, अधिक ०.७६ गुणिले बेस सल्फर. या बेरजेला रिकव्हरी गुणिले अलॉयमधलं मॅग्नेशियम यानं भागायचं. तुमच्याकडे ०.०४२ अधिक ०.००७, म्हणजे ०.०४९. रिकव्हरी ४५ टक्के, अलॉय ६ टक्के, म्हणून भागाकार ०.०२७ नं. उत्तर १.८१ टक्के, ५०० किलोला ९ किलो. सध्या तेच चाललंय. रिकव्हरी ४२ वर आली तर हेच ९.७ किलो होतं. पहिल्या हीटला ९.५ घ्या आणि स्पेक्ट्रो बघून ठरवा.

कोल्हापुरात बऱ्याच ठिकाणी ग्रे (साधं ओतीव लोखंड) आणि एसजी एकाच भट्टीत होतं. ग्रेचे रिटर्न ०.०७-०.०८ सल्फरचे असतात. त्यातला १०० किलोचा ढीग चुकून ५०० च्या चार्जमध्ये गेला तर बेस सल्फर ०.०१५ नं वाढतो, आणि वरचा सगळा हिशोब कोलमडतो. ग्रे नंतर लगेच एसजी घ्यायचं असेल तर भट्टी पूर्ण रिकामी करा, हील (तळाशी राहिलेला रस) ठेवू नका. सीपीसीचा (कार्बनसाठी घालायच्या पेट्रोलियम कोकचा) सल्फरही टेस्ट सर्टिफिकेटवर बघा, १ टक्क्याचा असेल तर एसजीला नको, त्याऐवजी इलेक्ट्रोडचा ग्रॅफाइट चुरा.

शिरोली_मेल्टशॉप
साहेब, रिकव्हरी ४५ च्या वर न्यायची असेल तर?

ओतारी
लेडल बघा आधी. ५०० किलो रस म्हणजे साधारण ७१ लिटर. आतला व्यास ३६० मिमी असेल तर रसाची उंची ७०० मिमी येते, उंची व्यासाच्या जवळपास दुप्पट. असा उभा लेडल पाहिजे, वर २०० मिमी मोकळी जागा. पसरट लेडलमध्ये वाफेला वर यायला वेळच लागत नाही, मॅग्नेशियम हवेत जातं.

तळाच्या खिशात आधी एफएसएम, दाबून सपाट, वर ७ ते ८ किलो कोरडं, तेल नसलेलं स्टील पंचिंग (पत्रा पंच करून निघालेले तुकडे). अलॉयचा एकही तुकडा उघडा दिसता कामा नये. धार खिशाच्या विरुद्ध बाजूला पडली पाहिजे. रस १,४५० ते १,४८०, त्याच्यावर नको. भरणं सलग आणि लवकर, मध्ये थांबलात की पंचिंगचं झाकण आधीच वितळतं. खिशात आधीच्या ट्रीटमेंटची मळी चिकटलेली असेल तर अलॉय वर येऊन बसतो, मग कितीही पंचिंग टाका, उपयोग नाही. दर ट्रीटमेंटनंतर खिसा खरवडायचा.

टंडिश झाकण (लेडलवरचं, भोकातून रस आत सोडणारं) बसवलंत तर रिकव्हरी ६० पर्यंत जाते. मग त्याच हिशोबानं ६.८ किलो पुरतो. अलॉय कमी लागला की त्याच्याबरोबर येणारा रेअर अर्थही आपोआप कमी होतो.

ट्रीटमेंटनंतर मळी काढा आणि १० मिनिटांच्या आत शेवटचा मोल्ड भरा.

स्पेक्ट्रो_शिरोली
सिरियम वाचताना तीन गोष्टी.

नमुना तांब्याच्या साच्यात झटकन गोठलेला, पूर्ण पांढरा हवा. मध्ये करडा ठिपका राहिला तर कार्बन तर चुकतोच, सिरियमही भरवशाचा राहत नाही.

स्पेक्ट्रोवर दिसतो तो फक्त सिरियम. मिशमेटलचा अलॉय असेल तर एकूण रेअर अर्थ त्याच्या साधारण दुप्पट धरा. पण आता निव्वळ लँथॅनमवाले अलॉयही मिळतात, श्रिंकेज कमी करायला ते वापरतात. तो वापरलात तर सिरियमचा आकडा शून्याजवळ दिसेल आणि रेअर अर्थ नाहीच असा समज होईल. मशीनला लँथॅनमचा चॅनल आहे का ते तपासा.

आणि नमुना ट्रीटमेंटनंतर, इनॉक्युलेशनही झाल्यावर घ्या. इनॉक्युलंटमधला सिरियम आधीच्या नमुन्यात येणारच नाही.

कागल_परचेस
चीननं रेअर अर्थवर निर्बंध घातले म्हणून एफएसएम महागणार, असं सप्लायर सांगतात. एप्रिल २०२५ च्या यादीत सात धातू होते : सॅमेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. त्यात सिरियम किंवा लँथॅनम नाही. मॅग्नेटवाल्यांना लागणाऱ्या धातूंची टंचाई आणि आपला हलका रेअर अर्थ या वेगळ्या गोष्टी आहेत, दर ठरवताना हे माहीत असू द्या.

आपल्याकडे सिरियमचा मूळ स्रोत किनाऱ्यावरच्या वाळूतला मोनाझाइट. केरळातलं चवरा, तमिळनाडूतलं मनवलकुरिची, ओडिशातलं छत्रपूर इथे आयआरईएल ही सरकारी कंपनी काढते.

उद्यमनगर_टर्निंग
विषय निघालाच आहे तर, टिग वेल्डिंगच्या करड्या टोकाच्या टंगस्टन इलेक्ट्रोडमध्येही हाच ना? लाल टोकाच्या ऐवजी तो वापरला तर चालतो का?

धातुरस
हो. करड्या टोकाच्या इलेक्ट्रोडमध्ये साधारण २ टक्के सिरियम ऑक्साइड असतं. कमी करंटला आर्क पटकन लागतो, पातळ पत्र्याला आणि पाइपला छान. लाल टोकात थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे, ग्राइंडिंगची धूळ श्वासात जाऊ नये. बदल जरूर करा.

ओतारी
पावसाळ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एफएसएमला ओल अजिबात चालत नाही. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्याशी लागले की हायड्रोजन सुटतो, सोबत थोडा ॲसिटिलीन आणि फॉस्फीन. गोणी उघडल्यावर कार्बाइडसारखा किंवा लसणीसारखा वास आला तर ओल लागलीय असं समजा. बंद खोलीत अशा गोण्यांचा ढीग धोक्याचा आहे. ओला अलॉय लेडलमध्ये टाकला तर रस उसळतो, आणि कास्टिंगमध्ये पिनहोल येतात ते वेगळेच.

गोण्या जमिनीवर नको, पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब. जून ते सप्टेंबर एका वेळी जेमतेम दोन आठवड्यांचा साठा. २०१९ आणि २०२१ चं पंचगंगेचं पाणी आठवा, सखल शेडमध्ये तळाची रांग रिकामीच ठेवलेली बरी. पुरात भिजलेली गोणी वाळवून वापरायची नाही, सप्लायरला विचारून उघड्या हवेत वेगळी ठेवायची.

तळाशी साठणारी भुकटी जपून. लायटरचा दगड ज्या ठिणग्या देतो त्या सिरियमच्याच, बारीक कण घासला की पेटतो. एफएसएमच्या धुळीला आग लागली तर पाणी मारायचं नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची डी वर्गाची पावडर. वाळूची बादली खरोखर कोरडी आहे का, ते आठवड्याला बघा.

शिरोली_मेल्टशॉप
सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रायल अशी ठरवतोय : पहिली हीट फक्त इनॉक्युलंट बदलून, एफएसएम जुनाच. दुसरी हीट दोन्ही बदलून, सिलिकॉन २.२. दोन्ही हीटचा प्रत्येकी एक हब कापणार. ठीक आहे का?

धातुरस
क्रम योग्य. पहिल्या हीटला सिरियम ०.००८ च्या आसपास यायला हवा, दुसरीत ०.००३ च्या खाली. पहिल्या हीटमध्येच डाग बरेच आखडलेले दिसतील, पण ९० मिमीला ते पूर्ण जातील अशी अपेक्षा ठेवू नका.

कापताना बॉसच्या जाडीच्या बरोबर मध्यातून, बोअरच्या अक्षाला समांतर कापा. पृष्ठभागापासून १०, २५ आणि ४५ मिमीवर तीन मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे नमुने) घ्या आणि तिन्ही ठिकाणची नॉड्युलॅरिटी वेगवेगळी नोंदवा, सरासरी काढू नका. टेन्साइल बार ४५ मिमीच्या जागेवरूनच. प्रत्येक हीटचा ओतण्याचा पहिला आणि शेवटचा मोल्ड वेगळा खुणेचा ठेवा, कापायला शेवटचा घ्या. फोटो इथेच टाका, मायक्रो १०० पटीत, एचिंग न केलेले (ॲसिड न लावलेले).